अल मनखूलमधल्या घंटा

एका खोलीतली शांतता नेमकी कितीला पडते, हे मला पंधराएक वर्षांपूर्वी कळलं. बिल झालं बाराशे दिरहॅम, तेव्हाच्या भावाने पंधरा हजार रुपये. त्यात पत्रा आला, रबर आलं, मजुरी आली. बिलात न आलेल्या गोष्टी अशा: माझे सुट्टीचे दोन शुक्रवार, फोरमनचा रुसवा, फिलूने, म्हणजे माझ्या पत्नीने, झाकून ठेवलेलं थंडगार जेवण, आणि तेव्हापासून आजपर्यंतची माझी प्रत्येक गुरुवारची संध्याकाळ. धंद्यात मी बरे सौदे केले आहेत. याच्याइतका बरा एकही नाही.

ती खोली होती स्पॅनिश संगीतकार एलादिओ आर्गेया यांची. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतला एका बेडरूमचा फ्लॅट, अर्धी जागा पियानोने अडवलेली, उरलेल्या अर्ध्यात कागद. मी एसीच्या डक्टिंगचं काम करतो. अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्यात पत्रा कापायला आलेला वसईचा पोरगा, पुढे स्वतःचं वर्कशॉप टाकलं, एवढीच माझी ओळख. माझ्याआधी त्यांनी तीन कंपन्यांना बोलावलं होतं. तिघांनीही मान वर करून "नॉर्मल है सर" सांगितलं होतं आणि व्हिजिटचे पैसे घेऊन निघून गेले होते.

मी आत गेलो तर ते म्हणाले, "काही बोलू नका. बसा. ऐका."

बसलो. थोड्या वेळाने उठून छताच्या एका कोपऱ्याखाली स्टूल लावलं आणि तिथल्या पत्र्यावर तळहात दाबून धरला. गुणगुण थांबली. हात काढला, परत सुरू झाली.

"तुम्हाला ऐकू येतं?" त्यांनी विचारलं. परमुलखात अचानक आपल्या आळीचा माणूस भेटावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"येतं ना सर. तुमच्या पियानोशी भांडतोय तो."

ते पोट धरून हसले. "चार महिने मी एका सुरात लिहितोय, आणि चार महिने हा शेजारच्या सुरात रडतोय. मला वाटलं मलाच वेड लागतंय!"

या गौरवग्रंथात त्यांच्या संगीतावर जाणकारांनी लिहिलं आहे. त्यात मी पडत नाही. संपादकांनी माझ्याकडे माणूस मागितला, तो जमेल तसा देतो. त्यांना आम्ही सगळे 'मायेस्त्रो सर' म्हणतो. मायेस्त्रो म्हणजे त्यांच्या भाषेत गुरुजीच. म्हणजे एका माणसाला आम्ही दोनदा गुरुजी म्हणतो. त्यांची हरकत नाही.

सरांचं गाव उत्तर स्पेनमध्ये, दोन डोंगरांच्या बेचक्यात. दगडी घरं, मधोमध चर्च, चर्चला उंच मनोरा. वडील त्या चर्चचे घंटावादक. घरात पियानो नव्हता, रेडिओही उशिरा आला. पण पहाट, दुपार, संध्याकाळ, लग्न, मयत, आग, पूर, सगळं घंटांवर कळायचं. अकराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली आणि सर शहरातल्या संगीतशाळेच्या वसतिगृहात गेले. पुढे तिथेच शिकवायला लागले. त्यांच्या रचना युरोपातल्या कितीतरी शहरांत वाजल्या. नाव झालं, मानसन्मान झाले. मग पत्नी गेल्या. घर खायला उठलं, तेव्हा दुबईतल्या एका शाळेच्या तीन वर्षांच्या करारावर त्यांनी सही करून टाकली. इथे सगळे तीन वर्षांसाठीच येतात. मीही तीन वर्षांसाठीच आलो होतो.

इथे आल्यावर ते रिकामे बसले नाहीत. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणाऱ्या अब्रा होड्यांच्या इंजिनांवरून त्यांनी चेलोसाठी एक रचना लिहिली आहे. ती ऐकताना मला डिझेलचा वास येतो, ही माझ्या लेखी मोठी दाद आहे. ऊद हे अरबी तंतुवाद्य आणि गिटार एकमेकांशी गप्पा मारतात अशी एक आहे. शाळेतल्या मुलांसाठी तर किती लिहिलं, त्याची मोजदाद त्यांच्याकडेही नाही.

ऐकणं हा त्यांचा धर्म आहे. इंटरनॅशनल सिटीहून आमच्या अल मनखूलला यायचं म्हणजे बस बदलावी लागते. मी किती वेळा म्हटलं, "सर, गाडी पाठवतो." त्यांचं उत्तर ठरलेलं: "गाडीत मला फक्त तुमचा ड्रायव्हर ऐकू येईल. बसमध्ये अख्खं जग असतं." सराव चालू असताना अजान झाली की ते हात खाली घ्यायचे. आमच्यातल्या एकाला वाटलं, नियम आहे म्हणून थांबतात. सर म्हणाले, "नियम तर आहेच. पण ऐका तरी, तो माणूस श्वास कुठे घेतो ते! तुमच्यापैकी एकाला तरी तसा घेता येतो का?"

आता सराव कसला, ते सांगतो. आमच्या घरी हॉलमध्ये दर गुरुवारी मराठी मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, क्वायरची प्रॅक्टिस असते. वसईची आणि मुंबईची मंडळी. कोणी अकाउंट्समध्ये, कोणी रिसेप्शनवर, कोणी किचनमध्ये. ड्यूटीवरून तसेच येतात, युनिफॉर्मवर, टॅग गळ्यात. एका नाताळाला मी सरांना जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा पुढे होता. मंडळींनी हौसेने एक गीत म्हणून दाखवलं. सरांनी घास खाली ठेवला.

"यांना कोण शिकवतं?"

"कोणी नाही सर. आपलं आपण."

"ते ऐकूच येतंय," ते म्हणाले. आणि पुढच्या गुरुवारी, न बोलावता, वेळेच्या आधी दारात हजर.

मराठीतले त्यांचे पहिले शब्द तीन: परत, हळू, श्वास. त्यांना इथले अरबी यल्ला, म्हणजे चला, आणि खलास, म्हणजे पुरे, जोडले की त्यांचं सगळं काम भागतं. "यल्ला, परत! हळू! रोझी, श्वास! खलास, चहा!" माझी मुलगी शेरिल त्यांची हुबेहूब नक्कल करते. पहिल्या महिन्यात तिने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं होतं, "डॅड, ही इज मेकिंग द आंटीज क्राय." मी म्हटलं, आंट्या रडतात पण पुढच्या गुरुवारी येतात की नाही, ते बघ. सगळ्या आल्या.

दुसऱ्यापेक्षा मोठ्याने गाणं त्यांना खपत नाही. "शेजारच्याचा आवाज ऐकू येईनासा झाला, म्हणजे तुम्ही जास्त गाताय," हे त्यांचं वाक्य मी माझ्या वर्कशॉपमध्येही वापरतो. तिथेही लागू पडतं.

त्यांच्या मायेबद्दल लिहायचं तर रोझीबायपासून सुरुवात करावी लागते. रोझीबाय एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर आहेत, आणि आमच्या क्वायरमधला सगळ्यात खोल आवाज. त्यांचे मोठे भाऊ वसईला वारले. हॉटेलचा सीझन, रजा मिळाली नाही. त्या गुरुवारी त्या प्रॅक्टिसला आल्या आणि आपल्या खुर्चीत नेहमीसारख्या बसल्या. फिलूने पाणी दिलं, तेही घेतलं.

"रोझी, आज घरी थांबायचं," सर म्हणाले.

"घरी कोण आहे सर? शेअरिंगची खोली. पोरी झोपल्यात ड्यूटी करून." मग त्या म्हणाल्या, "रडायलाच येत नाहीये. घंटा ऐकली नाही ना. भाच्याने फोन धरला होता चर्चसमोर, पण लाइन तुटली. घंटा ऐकल्याशिवाय माणूस गेला, असं वाटतच नाही."

हे बाहेरच्या माणसाला चटकन कळायचं नाही. आमच्या गावाकडे माणूस गेला की चर्चची घंटा सांगते. बाई गेली की पुरुष, तेही तिच्या वाजण्यावरून कळतं. लोक हातातलं काम थांबवून क्रूसाची खूण करतात. इथल्या चर्चना घंटा नसतात. गाणं, प्रार्थना सगळं आवारात, भिंतीच्या आत. या देशाने आम्हाला तेवढी जागा दिली, त्याबद्दल आम्ही ऋणीच आहोत. पण कानाला सवय असते, त्याला काय करणार?

सरांनी विचारलं, "तुमच्या गावात पुरुषासाठी कशी वाजवतात?"

रोझीबायनी मांडीवर बोटांनी वाजवून दाखवली. सरांनी मंडळींचे तीन भाग केले. एकाला खालचा सूर, एकाला मधला, एकाला नुसता श्वास सोडल्यासारखा 'ऊं'. आणि आमच्या हॉलमध्ये घंटा वाजायला लागली.

"अशी नाही," रोझीबाय म्हणाल्या. "आमची मोठी घंटा आधी दबते, मग उघडते."

"परत," सर म्हणाले.

"अजून दबली पाहिजे."

"परत. हळू."

तिसऱ्या की चौथ्या खेपेला रोझीबायनी हात वर केला, थांबवायला नव्हे, क्रूसाची खूण करायला. मग त्या रडल्या. सर खाली मान घालून सूर धरून होते, आणि रोझीबायचं रडून होईपर्यंत त्यांनी आम्हाला थांबू दिलं नाही. शेजारच्या फ्लॅटमधले केरळी साहेब दार वाजवायला आले होते. ते दारातच उभे राहिले आणि तसेच परत गेले.

त्या दिवशी सर बस पकडायला निघाले नाहीत. मंडळी गेल्यावर सोफ्यावर बसून राहिले. म्हणाले, "पास्कू, किती वर्षं माझ्या डोक्यात माझ्या वडिलांच्या घंटा आहेत. मला वाटायचं, त्या लिहायला घंटा लागतील. मला तुम्ही लागत होतात."

मग ते वडिलांबद्दल बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. लहानपणी पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या सर घंटा ऐकायचे. दोन घंटा, दोन दोऱ्या, दोन हात. वडिलांचा डावा हात किंचित उशिरा पडायचा, म्हणून दुसरी घंटा लंगडत यायची. "शंभर घंटावाले उभे करा," सर म्हणाले, "मी डोळे मिटून माझ्या बापाचा हात काढून देईन. आणि माणूस कसा! तो मनोरा एका दमात चढायचे. वादळात, बर्फात. कठड्याबाहेर झुकून घंटेला धक्का द्यायचे. खोऱ्यात तसा बिनधास्त माणूस दुसरा नव्हता."

"रेकॉर्डिंग आहे सर?"

"कोण करणार? आणि आता त्या मनोऱ्यावर मोटर बसवली आहे. बटण दाबलं की हातोडा पडतो. एकसारखा, सरळ. मी एकदा गेलो होतो. दुसऱ्या दिवशी परत आलो."

मला माझी वाडी आठवली. केळीच्या बागांच्या जागी बिल्डिंगा झाल्या आहेत, आणि पार्किंगवरून आमच्यात भांडणं आहेत. गावी जातो तेव्हा गाव आठवत बसतो.

सरांची चिंता वेगळीच होती. जे आपल्या डोक्यात वाजतंय ते खरंच तसं होतं, की पासष्ट वर्षांत आपणच ते घडवत गेलो, हे त्यांना कळत नव्हतं. सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं: त्यांच्या थोरल्या भगिनी पिलारबाई. नव्वदी उलटलेली, गावाजवळच्या वृद्धाश्रमात. त्यांचा एक कान गेलेला होता आणि दुसरा चालला होता. "ती 'हो' म्हणाली की मी सुटलो," सर म्हणाले. "पण तिने ऐकायला हवं. आणि लवकर."

अशा रीतीने 'मनोरा' ही रचना सुरू झाली. घंटांशिवाय, नुसत्या गळ्यांसाठी. पहिल्या पानावर अर्पणपत्रिका: 'माझ्या वडिलांना, ज्यांनी हे आधी वाजवलं.' सगळं बाकी जमलं, पण त्या लंगडण्याने आम्हाला रडकुंडीला आणलं. उशिरा गा म्हटलं की आम्ही फारच उशिरा. मुद्दाम लंगडलो की नाटक वाटायचं. "तुम्ही पायाने लंगडताय," सर ओरडायचे, "हाताने लंगडा!" रोझीबायना मात्र ते आपोआप जमायचं. कसं, ते त्यांनाही सांगता येईना. शेवटी सगळे त्यांच्या तोंडाकडे बघून गायला लागले.

आता पिलारबाईंना व्हिडिओ कॉलवर ऐकवायचं, तर सगळ्यांना एका दिवशी, एका वेळी मोकळं करायचं होतं. हॉटेलवाल्यांची रजा आणि ऑफिसवाल्यांची रजा जुळवणं म्हणजे दोन वेगळ्या टॉवरांचे डक्ट एकमेकांना जोडणं. फेब्रुवारीचा बेत बारगळला, मार्चचाही. इकडे पिलारबाईंची नर्स कळवत होती, आता कानाशी मोठ्याने बोलावं लागतं. मी डोकं चालवलं. वर्षात एक दिवस असा आहे, ज्या दिवशी आमचा प्रत्येक माणूस आधीपासून रजा राखून ठेवतो: गुड फ्रायडे. संध्याकाळी चर्च, सकाळ मोकळी. मी सगळ्यांना मेसेज टाकला आणि स्वतःवर खूश होऊन चहा मागवला.

चहा यायच्या आत रोझीबायचा फोन.

"पास्कू, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"का गं बाय?"

"गुड फ्रायडेला घंटा वाजवतोस?"

"अगं, घंटा कुठे? गळे आहेत आपले."

"इतकी वर्षं सर आपल्याला काय सांगतायत? गाऊ नका, वाजा. मग आता आम्ही घंटा आहोत की नाही? गुरुवारी संध्याकाळपासून ईस्टरपर्यंत घंटा मुकी असते. माझ्या आईने त्या दिवसांत पितळेचा चमचासुद्धा वाजू दिला नाही. मी नाही येणार."

एकामागून एक सगळ्यांचे फोन. 'बायचं बरोबर आहे.' मी वैतागलो. इथे एका म्हाताऱ्या बाईचा कान चाललाय, एका माणसाचा जन्म अडकलाय, आणि यांना चमचे सुचतायत! सर तर चाळीस वर्षांत प्रार्थनेसाठी चर्चची पायरी चढले नव्हते. ते यांना सरळ करतील, अशा खात्रीने मी त्यांच्याकडे गेलो.

सरांनी हातातली पेन्सिल पियानोवर ठेवली. मग म्हणाले, "आमच्याकडेही त्या दिवसांत दोऱ्या बांधून ठेवायचे. रोझी बरोबर बोलतेय. मी विसरलो, याची मला लाज वाटते."

"पण सर, पिलारबाई..."

"ईस्टरच्या सकाळी गाऊ. जे येतील ते."

"अर्धे ड्यूटीवर असतील!"

"मग अर्धा मनोरा."

त्यांना हे केवढ्याला पडलं, ते मला माहीत आहे. तीन वर्षांचं काम, आणि ऐकणारी ती एकुलती एक बाई ते अर्धंच ऐकणार. पण त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. उलट विचारलं, "घंटा मुकी असते तेव्हा तुमच्याकडे लोकांना बोलावतात कसं?"

मी सांगितलं, लाकडाच्या फळ्या वाजवत. ते उठून उभेच राहिले. त्यांच्याकडेही तेच. फळीला लोखंडी कडी लावायची आणि ती खडखडवत गल्लोगल्ली फिरायचं. आम्ही त्याच दिवशी ड्रॅगन मार्टच्या चिनी बाजारात जाऊन फळी आणि कड्या आणल्या, वर्कशॉपमध्ये ठोकून घेतल्या. गुड फ्रायडेला सकाळी सर, रोझीबाय आणि मी, असे तिघे त्यांच्या फ्लॅटमध्ये बसलो. रविवारी काय ऐकायचं आहे त्याची पिलारबाईंना कल्पना द्यावी, म्हणून सरांनी व्हिडिओ कॉल लावला, आणि गंमत म्हणून आधी फळी खडखडवली.

पडद्यावरच्या बाई एकदम सरळ बसल्या. काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या.

सरांचा चेहरा उतरला. फोन ठेवल्यावर त्यांनी सांगितलं, "ती म्हणाली, 'हे तर बाबा.' लाकूड ऐकून! बाबा मनोऱ्यावर असायचे. रस्त्यात लाकूड कोणीही फिरवेल. ती विसरली, पास्कू. सगळं एक झालंय तिच्या डोक्यात."

"सर, वय झालं त्यांचं," मी म्हटलं.

"माहीत आहे. पण मला विचारायला दुसरं कोणी नाही."

ईस्टरच्या सकाळी सरांच्या शाळेने संगीताची खोली उघडून दिली. रोझीबायनी पुढच्या नाताळची सुट्टी कोणाला तरी देऊन टाकली आणि ही सकाळ मिळवली. बाकी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मी एसी बंद केला, कारण आयुष्यभर एसी विकून मला एक कळलंय, तो चालू असताना कोणी काही ऐकत नाही. पडद्यावर पिलारबाई. नर्सने टॅब्लेट त्यांच्या चांगल्या कानाशी धरला होता, त्यामुळे आम्हाला दिसत होता फक्त एक मोठा, सुरकुतलेला कान आणि पांढरे केस. सर्वांच्या पाठीवरून घाम वाहत होता. सरांनी हात उचलला आणि आम्ही वाजलो.

कसं झालं, ते मी सांगणार नाही; मी त्यात होतो. एवढंच सांगतो की दुसरी घंटा लंगडत आली आणि त्या वेळी कोणी रोझीबायकडे बघितलं नाही.

संपल्यावर कान बाजूला झाला आणि चेहरा आला. पिलारबाईंचे डोळे भरलेले होते. त्यांनी एकच शब्द उच्चारला. सर म्हणाले, "नाही, नाही." त्यांनी तोच शब्द परत, जोरात. मग नव्वदीची बहीण आणि पंच्याहत्तरीचा भाऊ यांचं आमच्यासमोर कडाक्याचं भांडण झालं. बाई पडद्यावर बोट आपटत होत्या. सर हातवारे करत होते. मग हातवारे थांबले. मग ते नुसते ऐकत होते. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"काय म्हणाल्या सर?" रोझीबायनी विचारलं. "चुकलं का आमचं?"

"काही चुकलं नाही," सर म्हणाले. "एक सूरही नाही. ती म्हणते, 'ही आई आहे.'"

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. चर्चची नोकरी वडिलांच्या नावावर होती, कारण बाईला ती मिळत नसे. मनोरा चढायची आई. उजाडायच्या आत जायची, वाजवून यायची, आणि मुलगा उठायच्या वेळी चुलीपाशी असायची. दुपारी-संध्याकाळी मुलाला मनोऱ्याजवळ फिरकू देत नसत; मनोऱ्यावरच्या बापाच्या गोष्टी त्याने नुसत्या ऐकलेल्या. लहानपणी पडल्यापासून तिच्या डाव्या मनगटात जोर नव्हता. वडील खाली दाराशी उभे राहून पाद्री येतात का, यावर नजर ठेवायचे. त्यांनी स्वतःच्या हाताने वाजवलं ते फक्त लाकूड, वर्षातले ते दोन दिवस, रस्त्यावर.

"मी तिला म्हटलं, मी रोज ऐकलंय," सर म्हणाले. "ती म्हणाली, 'तू अंथरुणात असायचास. तुला काय माहीत?'"

शेरिल हळूच म्हणाली, "सो ऑल धिस टाइम वी वर सिंगिंग हिज मॉम?"

"तरीच," रोझीबाय म्हणाल्या, "माझ्या गळ्याला बसत होतं."

सर हसायला लागले, आणि मग त्यांचं हसणं फार वेळ हसणं राहिलं नाही. रोझीबाय उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. कोणीतरी एसी लाव म्हणालं. मी लावला नाही.

हे सगळं छापायला सरांनी मला परवानगी दिली आहे, एका अटीवर: आईचं नाव नीट लिहायचं. त्यांचं नाव रेमेदियोस. 'मनोरा'ची अर्पणपत्रिका आता त्यांना आहे. सुरांत एका टिंबाचाही बदल केलेला नाही.

आणि सर थांबलेले नाहीत. त्यांना दुसरा भाग लिहायचा आहे, नुसत्या लाकडाचा, वडिलांसाठी. गेल्या गुरुवारी म्हणाले, "लाकूड अवघड आहे, पास्कू. त्याला सूर नाही. निदान दहा वर्षं लागतील." आम्ही क्वायरची मंडळी, ज्यांना त्यांनी रडवलं, श्वास घ्यायला शिकवलं आणि मुकं राहायचं कधी हेही आमच्याकडूनच ऐकून घेतलं, देवाकडे त्यांच्यासाठी वीस वर्षं मागतो. गुडघे शाबूत असोत, कान असेच तिखट राहोत, बसमध्ये खिडकीची जागा मिळो, आणि दर गुरुवारी आमची बेल वाजो. आमचा चहा तयार आहे.

आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं असतं ते सरांनी नंतर फोनवर पिलारबाईंना विचारलं: आजार होता का? युद्धात पाय दुखावला होता का? बाबा का नाही चढले कधी?

त्यांनी सरळ सांगितलं. बाबांना उंचीची भीती वाटायची.